शकुनबाईने वाचलेली पट्टी

शकुनबाई लांजेवारची नेमणूक कक्षसेविकेची. चादरी बदलायच्या, भांडी उचलायची, पेशंटला खुर्चीवर बसवून एक्स-रेला न्यायचं, हे तिचं काम. पण गेली नऊ वर्षं दवाखान्यात तिच्या नावाने हाक यायची ती ईसीजीसाठी. त्याचं असं झालं, की ईसीजी काढणारे श्रावणभाऊ गुडघ्यांनी पार हैराण झाले होते. त्यांना वाकवत नसे. म्हणून छातीवर सहा रबरी फुगे आणि हातापायांना चार क्लिपा लावायचं काम ते शकुनबाईला सांगायचे आणि स्वतः स्टुलावर बसून बटण दाबून कागदाची पट्टी काढायचे. बसल्या बसल्या शिकवायचे. बाई बारावी पास होती, आणि एकदा ऐकलेलं विसरत नव्हती. ते निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, आणि मशीन तिच्या हाती आलं.

श्रावणभाऊंचं एकच पालुपद होतं. “एक पट्टी पाहून काई समजत नाई, बाई. काल कसा होता अन् आज कसा हाय, थे पाय. दोनी पट्ट्या शेजारी ठेव.”

शकुनबाई तेच करायची. कोणी सांगितलेलं नव्हतं, वाचून दाखवायची तर तिला मुभाही नव्हती. पेशंटच्या फाईलमध्ये नवी पट्टी चिकटवताना ती जुनी काढून शेजारी धरायची, बारीक चौकोन मोजायची आणि फाईल मिटायची.

मग दोन हजार वीस साल आलं. पेशंटच्या इतक्या जवळ जाऊन, त्याच्या उघड्या छातीवर वाकून उभं राहायला कोणी तयार होईना. शकुनबाई उभी राहिली. मोठं धैर्य वगैरे नव्हतं त्यात. दुसरं कोणी नव्हतं, एवढंच.

त्या पहिल्या वर्षी मोहाडीकडचा घनश्याम नावाचा एक व्यापारी भरती झाला होता. बोलका माणूस. फुगे लावताना म्हणायचा, “गुदगुल्या करून राहिली का बाई?” तीन दिवस रोज त्याची पट्टी निघाली. पहिल्या दिवशी ठोका पडून हृदय परत सैल होईपर्यंतची जी लाट असते, तिचं अंतर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी दीड चौकोन वाढलं. तिसऱ्या दिवशी आणखी. या आजारात देतात त्या काही गोळ्यांनी असं होतं, अंतर फार ताणलं तर हृदय अचानक भलत्याच तालावर जातं, हे तिने श्रावणभाऊंकडून ऐकलेलं. तिने भीत भीत तेव्हाच्या डॉक्टरांना सांगून पाहिलं.

“बाई, तुम्ही पट्टी काढा. वाचायचं आम्ही बघतो,” डॉक्टर म्हणाले. रागावून नाही; फक्त घाईत.

चौथ्या दिवशी दुपारी जेवता जेवता घनश्याम गेला. फुप्फुसं खराब होती, त्यानेच गेला असेल, असं सगळे म्हणाले. असेलही. पण शकुनबाईला पुढे कित्येक दिवस घास गिळताना तो आठवायचा. मी दुसऱ्यांदा का नाही सांगितलं, हा प्रश्न तिने कोणाला विचारला नाही.

एप्रिल एकवीसमध्ये दुसरी लाट आली तेव्हा वसतिगृहाच्या इमारतीत कोविड सेंटर उघडलं आणि शकुनबाईला मशीनसकट तिकडे पाठवलं. साठ खाटा, आणि बाहेरच्या चिंचेखाली खाटेची वाट पाहणारी माणसं. डॉक्टर होत्या दामिनी मॅडम. वय सव्वीस, नोकरीचं पहिलंच वर्ष. चांगली मुलगी, पण अठरा दिवसांत एक सुट्टी नाही. डोळे लाल, आवाज बसलेला.

त्या दिवशी सकाळी नऊला शकुनबाईने चौदा पट्ट्या काढल्या. त्यातली एक केवळरामची. लाखांदूरपलीकडच्या खेड्यातला सत्तेचाळीस वर्षांचा शेतकरी, आजाराचा अकरावा दिवस. आला तेव्हा ऑक्सिजनशिवाय बोलता येत नव्हतं. आता पलंगावर बसून चहा पीत होता. बोटाला लावायचं यंत्र चौऱ्याण्णव दाखवत होतं. आज सुट्टी होती त्याची. चिंचेखाली लोक थांबलेले असताना चौऱ्याण्णववाल्याला कोण ठेवणार?

“आज घरी जाऊन राहिलो, ताई,” तो म्हणाला. “धान लोंबीवर आला हाय. पाय कधी टेकतो बांधावर, असं होऊन गेलं.”

“जा बापा. जपून राहा,” ती म्हणाली. त्याचे ठोके जरा पळत होते. घरी जायच्या आनंदाने कोणाचेही पळतील. मशीनने खाली छापलं होतं तेही एवढंच : ठोके जलद. बाकी बारा जण पडलेले होते, ती पुढच्या खाटेकडे गेली.

अकरा वाजता किट उतरवून, घामाने चिंब झालेला गाऊन पिळून ती नर्सच्या खोलीत पट्ट्या चिकटवायला बसली. केवळरामची फाईल सुट्टीच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. सवयीने तिने भरतीच्या दिवसाची पट्टी शेजारी ठेवली.

ती बघतच राहिली.

भरतीच्या दिवशी छातीवरच्या पहिल्या चार जागांच्या लाटा जशा असाव्यात तशाच होत्या. आज त्या चारही खाली गेल्या होत्या, भांडं पालथं घालावं तशा. हातापायांच्या ओळींत पहिलीमध्ये एक खोल खड्डा नव्याने आला होता, तिसरीत दुसरा, आणि तिथलीही लाट उलटी. ठोके एकशे अठरा. हृदयाची उजवी बाजू जोर लावून लावून थकते तेव्हा असं दिसतं. आणि ती का थकते, हेही तिला ठाऊक होतं. या आजारात रक्त घट्ट होतं. पायात गुठळी धरते, सुटते, आणि फुप्फुसाच्या नळीत जाऊन अडकते.

चुकत असेन, असं तिला वाटलं. फुगे वरखाली लागले असतील. पण आपला हात तिला माहीत होता. फुगे बरोबर लागले होते.

ती पळत फाटकाशी गेली.

“केवळराम? ते गेले ना,” चौकीदार म्हणाला. “पंधरा-वीस मिनिटं झाली. पुतण्या घेऊन गेला छोट्या हत्ती टेम्पोमधी. बायको होती संग.”

फाईलवरचा नंबर पुतण्याचा होता, सचिनचा. तिने लावला. सेवाक्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तेच. लाखांदूरच्या वाटेवर मधला पट्टा असाच आहे, एका झाडाखाली लागतो तर दुसऱ्या झाडाखाली लागत नाही.

ती वॉर्डाच्या काचेशी आली. आत दामिनी मॅडम किटमध्ये, सात नंबरच्या खाटेवर वाकलेल्या. तिथल्या बाईचा श्वास बंद पडत होता. शकुनबाईने काच वाजवली, दोन्ही पट्ट्या काचेला लावून धरल्या. मॅडमनी मान वर केली, हाताने ‘थांबा’ केलं आणि पुन्हा वाकल्या. बरोबरच होतं त्यांचं. त्या बाईला सोडून त्या येऊच शकत नव्हत्या.

शकुनबाई व्हरांड्यात उभी राहिली. डॉक्टरने सही करून सुट्टी दिलेली. सुट्टी झालेल्या पेशंटला रस्त्यातून परत बोलवायचा अधिकार कक्षसेविकेला कोणी दिला? आणि काही नसलंच, तर? त्याला या सेंटरमध्ये परत आणायचं म्हणजे चेष्टा आहे का? वेळ जात होता, गाडी पुढे पळत होती.

तिने नवऱ्याला फोन लावला.

भैय्यालाल सानगडीला, लाखांदूरच्याच रस्त्याला लागून असलेल्या बांधीत उन्हाळी धानाला पाणी देत होता. बायको कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव पाहूनच तो घाबरला. “काय झालं? काहून फोन केला?”

“मले काई नाई झालं. ऐका. एक पांढरा छोटा हत्ती येऊन राहिला इकडून. मागं माणूस निजला असन, जवळ त्याची बायको बसली असन. त्याले थांबवा.”

“कोविडवाला हाय का?”

“हाव.”

“मी थांबवून सांगू काय त्याले?”

“पहिले थांबवा तर. मंग मले फोन लावून द्या. तोंडाले दुपट्टा बांधा अन् दुरून बोला.”

त्याने फावडं टाकलं आणि चिखलाच्या पायांनीच डांबरावर येऊन उभा राहिला. दोन मोटारसायकली गेल्या, एक रेतीचा ट्रक गेला. मग पांढरी गाडी दिसली. भैय्यालालने दोन्ही हात पसरले. गाडी भोंगा वाजवत आली, वळसा घालू पाहू लागली, तसा तो रस्त्याच्या मधोमध झाला. ब्रेक कचकचला.

“मरायचं हाय का गा?” सचिन खिडकीतून ओरडला.

“पेशंट लाखांदूरकडचा हाय का? केवळराम?”

मागे ताडपत्रीच्या सावलीत केवळरामची बायको शालू नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नाव ऐकताच ती घाबरून उठली. भैय्यालालने फोन मोठ्या आवाजावर टाकला, गाडीच्या फळीवर ठेवला आणि पाच हात मागे सरला.

“मी ईसीजीवाली शकुनबाई बोलून राहिली. भाऊले परत घेऊन या. आत्ताच्या आत्ता.”

“काहून?” शालूचा आवाज चिरकला. “डॉक्टरीणबाईनं सुट्टी देली ना! कागद हाय माह्यापाशी. आमी नाई येत परत. जो परत जाते थो प्लास्टिकमधी बांधूनच येते बाहेर, आमी पाहिलं नाई का?”

शालू खोटं बोलत नव्हती.

“बरं. नका येऊ,” ती म्हणाली. “मले भाऊशी दोन गोष्टी बोलू द्या फक्त. भाऊ, गाडीत चढताना काई झालं का?”

केवळराम बोलला, दर दोन शब्दांनी थांबत. “अंधारी आली. डोळ्यापुढं. दम लागला.”

“पाय दुखते का कोणता?”

“डावी पोटरी. दोन दिवस झाले.”

“सुजली हाय का?”

शालूने लुंगी वर केली. “हाव. फुगली हाय.”

“सांगतलं काहून नाई, भाऊ?”

“सांगतलं असतं तं... सुट्टी देली असती का?”

“शालूबाई, ऐका माह्यं. मी डॉक्टर नाई. पण याच्या छातीची पट्टी मी सोता पाहिली. आता तुमी घरी नेलं अन् उद्या काई झालं, तं तिथं इंजेक्शन द्यायले कोणी नाई. इथं कोणी तरी हाय.”

पुढचं भैय्यालालला दिसलं, तिला नाही. शालूने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे झाकले. मग तिने पुढची काच ठोकली. “सचिन, फिरव गाडी.” रस्ता अरुंद, चाक बांधीत गेलं. सचिन आणि भैय्यालाल दोघांनी मिळून रेटा दिला तेव्हा निघालं.

इकडे दामिनी मॅडम बाहेर आल्या. सात नंबरची बाई गेली होती. शकुनबाईने गाडी परतवली, हे ऐकून त्यांचा तोल गेला. “कोणाला विचारून, ताई? त्याची खाट भरली! कुठे ठेवू त्याला, माझ्या डोक्यावर?”

शकुनबाईने दोन्ही पट्ट्या पुढे धरल्या. या वेळी ती गप्प बसणार नव्हती, पण बोलायची गरजच पडली नाही. मॅडमनी पट्ट्या घेतल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्याजागी जे आलं, ते पाहून शकुनबाईलाच भीती वाटली.

“ही आजची?”

“हाव मॅडम. नऊची.”

“मी... मी छापलेलं तेवढं वाचलं,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पट्ट्यांचा फोटो काढून जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला. फोन लगेच आला. फुप्फुसात गुठळी असणार, असं ते म्हणाले. पक्कं पाहायला लागतं ते मशीन इथे नव्हतं. नागपूरला खाट मिळणं त्या आठवड्यात अशक्य. रक्त पातळ करणारं औषध तयार ठेवा, आणि हृदयाच्या झटक्याच्या पेशंटला देतात ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जुन्या दवाखान्यात एक शिल्लक आहे का बघा. होतं. एकच. परिचारिका स्कूटीवर ते आणायला गेली.

गाडी फाटकात शिरली तेव्हा बारा वाजून गेले होते, ऊन नुसतं भाजत होतं. केवळराम शुद्धीवर होता. फळीवरून पाय खाली सोडला, उभा राहिला, आणि उभ्याउभ्याच खाली बसला. ओठ निळे. शालूच्या किंकाळीने चिंचेखालचे लोक उठून उभे राहिले.

खाट नव्हतीच. त्याला व्हरांड्यात स्ट्रेचरवर घेतलं. शकुनबाईने अंगात किट कसंबसं चढवून फुगे लावले. ऑक्सिजन एक्याऐंशी. ठोके एकशे छत्तीस. रक्तदाब सत्तर.

“सर, सत्तर आहे,” दामिनी मॅडम फोनवर सांगत होत्या. “पण सीटी नाही काही नाही, नुसत्या पट्टीवर... यात रक्तस्राव होतो, सर. मेंदूत झाला तर? माझं चुकलं तर?”

“पट्टी आहे, पोटरी आहे, दाब सत्तर आहे,” फोनमधला आवाज म्हणाला. “वाट कशाची बघता?”

मॅडमनी सिरिंज भरली. त्यांनी शकुनबाईकडे पाहिलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शकुनबाईने केवळरामचा दंड घट्ट धरून ठेवला. इंजेक्शन गेलं.

मग नुसतं थांबणं. दहा मिनिटं काहीच नाही. वीस मिनिटांनी केवळरामच्या नाकातून रक्त आलं, सुई टोचलेल्या जागेतूनही झिरपू लागलं. मॅडमनी कापूस दाबून धरला. त्यांचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असतील. फाटकाच्या जाळीला धरून शालू उभी होती. पाऊण तासाने दाब चौऱ्याऐंशी झाला. मग ब्याण्णव. दोनच्या सुमाराला केवळरामने डोळे उघडून पाणी मागितलं. शकुनबाईने पट्टी काढली. लाटा अजून पालथ्याच होत्या, पण ठोके एकशे आठवर आले होते, आणि पहिल्या ओळीतला खड्डा सकाळपेक्षा उथळ दिसत होता.

केवळराम आणखी बारा दिवस राहिला. घरी गेल्यावरही त्याला शेतात उतरवेना; धान त्याच्याशिवायच कापला गेला.

त्या दिवसानंतर मॅडमनी नियम केला, की सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी पहिली पट्टी आणि आजची पट्टी शेजारी ठेवून दाखवायची, आणि शकुनबाईने दाखवायची. याने सगळे वाचले, असं काही झालं नाही. त्या महिन्यात अशी बिघडलेली पट्टी आणखी दहा जणांची निघाली. त्यातले चारच घरी गेले. काही वेळा पट्टी सांगायची आणि हातात करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. गोदावरीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची पट्टी शेवटच्या दिवसापर्यंत ठाकठीक, तरण्या मुलीसारखी. “तुह्या मायचं काळीज मजबूत हाय, वं,” असं शकुनबाईने तिच्या लेकीला, हर्षाला, मोठ्या भरवशाने सांगितलं होतं. फुप्फुसांनी दगा दिला. त्यानंतर शकुनबाई नातेवाइकांना काही सांगेनाशी झाली. जे सांगायचं ते डॉक्टरला, आणि दोनदा.

भैय्यालालने गाडीला रेटा दिला, ही गोष्ट गावात पसरली. पंधरा दिवस त्याच्या बांधीकडून कोणी गेलं नाही. तो शेतातल्या झोपडीतच राहिला. सहाव्या दिवशी त्याला ताप आला. त्याला तो त्या गाडीतून लागला, की रोज पेशंटांवर वाकणाऱ्या बायकोनेच घरी आणला, हे कळायला मार्ग नव्हता. नवव्या दिवशी तो सेंटरमध्ये भरती झाला, आणि सकाळच्या फेरीत शकुनबाई मशीन ढकलत त्याच्या खाटेशी आली.

बावीस वर्षांच्या संसारात त्याची छाती तिने अशी कधी पाहिली नव्हती, हाडं मोजत, जागा चाचपत. एक फुगा निसटला. परत लावला. पट्टी निघाली. ती हातात धरून ती उभी राहिली, पण चौकोन काही मोजता येईनात. रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या. मग तिने ती तशीच नेऊन दामिनी मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी खिडकीच्या उजेडात नीट पाहिली. घाई केली नाही. “चांगली आहे, ताई. अगदी चांगली.”

ती परत खाटेशी आली. भैय्यालाल मास्कखालून तिच्याकडे पाहत होता.

“काय निघालं वं?”

“काई नाई. चांगली हाय.”

“मंग रडून काहून राहिली?”

“घाम हाय थो. किटमधी येते,” ती म्हणाली आणि त्याच्या छातीवरची जेली पुसू लागली. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. त्याची पट्टी अजून काढायची होती.